रोजनिशी वाचावी ती पुस्तक शेजारी उघडे ठेवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेखकांच्या खासगी रोजनिश्यांबद्दल वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये अधूनमधून लिहून येते. त्या लेखांत बहुधा दोनच गोष्टी असतात. एक तर लेखकाची आजारपणे, भांडणे आणि प्रेमप्रकरणे, नाहीतर लेखनाविषयीची चारदोन झळझळीत वाक्ये. पहिल्याने कुतूहल भागते, दुसरी वहीत उतरवून घेता येतात. पण जो स्वतः लिहितो त्याच्या हाती यातून फारसे लागत नाही. त्याच्या कामाचे जे असते ते कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींत असते : आज कुठे अडले, काय करून पाहिले, काय टाकून दिले, उद्या कुठून धरायचे. हे हाती लागावे म्हणून रोजनिशी कशी वाचावी, याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहे.

सुरुवात निवडीपासून. लेखक आवडता असला तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची रोजनिशी शक्यतो पूर्ण छापलेली असावी, नोंदींना तारखा असाव्यात आणि त्या काळात लिहून झालेले निदान एक पुस्तक आपण वाचलेले असावे. सगळे खंड पहिल्या पानापासून वाचायला घेतले की बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या खंडापर्यंतही टिकत नाही. म्हणून एकच पुस्तक धरावे. ते सुचले त्याच्या साधारण वर्षभर आधीपासून ते छापून आले त्या दिवसापर्यंतच्या नोंदी तेवढ्या वाचाव्यात. एका बैठकीत आठदहा पाने पुरेत. महत्त्वाची ओळ पाहुण्यांच्या आणि हवापाण्याच्या नोंदींत दडलेली असते आणि भरभर वाचताना नेमकी तीच निसटते. जवळ एक वही ठेवून पानावर चार रकाने पाडावेत : तारीख, कुठे अडले, काय करून पाहिले, आणि छापील पुस्तकात शेवटी काय उरले. चौथा रकाना पुस्तक उघडल्याशिवाय भरता येत नाही, आणि खरे शिक्षण त्याच रकान्यात होते.

हे कसे चालते ते एका उदाहरणाने दाखवता येईल. व्हर्जिनिया वुल्फ यांची १९१५ ते १९४१ या काळातली रोजनिशी पाच खंडांत, १९७७ ते १९८४ या वर्षांत प्रसिद्ध झाली. 'मिसेस डॅलोवे' ही त्यांची कादंबरी १४ मे १९२५ रोजी बाजारात आली, आणि त्याच तारखेच्या नोंदीत पुढच्या कादंबरीचा, 'टू द लाइटहाउस'चा आराखडा आहे. वडिलांचे व्यक्तिचित्र पुरेपूर उतरवायचे, आईचेही, लहानपणीचे समुद्रकाठचे दिवस आणायचे. पण केंद्रस्थानी वडील. ते होडीत बसले आहेत, एका कवितेची ओळ म्हणत आहेत आणि म्हणता म्हणता मरणाच्या दारातला एक बांगडा हाताने चिरडत आहेत. आराखड्यातले हे सर्वांत ठसठशीत चित्र.

आता ५ मे १९२७ ला प्रसिद्ध झालेली कादंबरी उघडावी. तिसऱ्या भागात वडील, म्हणजे मिस्टर रॅम्से, होडीत बसलेले आहेत. कवितेची ओळही तोंडी आहे. मासा मात्र त्यांच्या हातात नाही. होडीवाल्याचा मुलगा एका माशाच्या कुशीतून आमिषासाठी चौकोनी तुकडा कापून घेतो आणि अजून जिवंत असलेले ते धूड परत समुद्रात फेकून देतो. एवढेच, दोन वाक्यांत, चौकटी कंसात, आणि त्या दोन वाक्यांचे एक स्वतंत्र प्रकरण. मधल्या भागात मिसेस रॅम्सेंच्या मृत्यूची बातमी वाचकाला मिळते तीही अशाच चौकटी कंसात. शिवाय आराखड्यात वडील केंद्रस्थानी असले, तरी छापील कादंबरीचा पहिला भाग आईने व्यापलेला आहे आणि ती गेल्यावरही सगळ्यांची मने तिच्याकडेच वळत राहतात.

चित्र टिकले, पण हात बदलला. माझ्या मते मासा वडिलांच्या मुठीत राहिला असता तर वाचकाने त्यांच्याबद्दल तिथेच निकाल देऊन टाकला असता. कादंबरीतले मिस्टर रॅम्से जाचक आहेत आणि केविलवाणेही आहेत. ते दोन्ही राहावे तर क्रौर्याचे इतके उघड कृत्य त्यांच्या नावावर जमा होऊन चालत नाही. ते होडीवाल्याच्या पोराकडे गेले, त्याच्या लेखी तो रोजचा मासेमारीचा भाग झाला, आणि क्रौर्य एका माणसाचे न राहता त्या साऱ्या समुद्राचे झाले. ज्याला एखाद्या पात्रावरचा स्वतःचा राग आवरत नाही, त्याने ही दोन पाने एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत.

याच नोंदींतली आणखी एक जागा. सप्टेंबर १९२६ मध्ये कादंबरीचा पहिला खर्डा संपत आला असताना वुल्फ शेवटापाशी अडल्या. लिली ही चित्रकार हिरवळीवर चित्र काढते आहे, मिस्टर रॅम्से होडीत आहेत. दोघांना एकत्र आणून शेवट करायचा कसा? दोन गोष्टी एकाच वेळी वाचल्यासारखे वाटावे म्हणून एक भाग कंसात घालता येईल का, असा विचार त्या नोंदीत करतात. पुस्तकात बहुतेक ठिकाणी हिरवळ आणि होडी आलटून पालटून येतात, कंस नाही. पण माशाचे ते दोन वाक्यांचे प्रकरण पाहिले तर ते लिलीच्या दोन प्रकरणांच्या मधोमध बसवलेले दिसते. ती हिरवळीवर उभी आहे आणि तिच्या मनातल्या वेदनेच्या मध्यावर, कंसात, दूर समुद्रातली घटना येऊन जाते. नोंदीतली कल्पना सगळीकडे वापरली गेली नाही, एकाच जागी वापरली गेली आणि तिथे ती फार खोल गेली. हे रोजनिशीशिवाय सहसा लक्षात येत नाही. कंस वाचून आपण पुढे निघून जातो.

अडचण कशी मांडलेली असते, तेही नीट पाहण्यासारखे आहे. एप्रिल १९२६ च्या अखेरीस कादंबरीचा मधला भाग सुरू करताना वुल्फ लिहितात की हा सर्वांत कठीण भाग आहे, कारण रिकामे घर दाखवायचे आहे, माणसांचे स्वभाव नाहीत, नुसता काळ सरतो आहे आणि धरायला काही नाही. अडचण इथे कागदावरच्या गोष्टींच्या भाषेत मांडली आहे. 'मला जमत नाही', 'मन लागत नाही' अशा नोंदी प्रत्येक रोजनिशीत असतात, वुल्फ यांच्याही आहेत, पण त्यांच्यापाशी लेखनाला पुढची वाट मिळत नाही. 'या भागात पात्रच नाही, मग वाचक कशाला धरून राहील?' असा प्रश्न लिहिला की उत्तर शोधता येते. पुस्तकातले उत्तर म्हणजे वारा, धूळ, भिंतीवरचा कागद, घर झाडायला येणारी म्हातारी बाई आणि अधूनमधून कंसातल्या माणसांच्या बातम्या. रकाने भरताना दुसऱ्या रकान्यात फक्त अशाच अडचणी घ्याव्यात. मनःस्थितीच्या नोंदी वाचाव्यात जरूर, पण तिथे उतरवू नयेत.

तारखांचा फायदा वेगळाच. मे १९२५ मध्ये सुचलेली ही कादंबरी ऑगस्टमध्ये सुरू झाली, लगेच आजारपणाने काही महिने अडली, १९२६ मध्ये पुन्हा धरली, सप्टेंबरमध्ये खर्डा संपला. नोव्हेंबरच्या नोंदीत रोज सहा पाने नव्याने लिहिण्याचे काम चालू आहे. जानेवारी १९२७ मध्ये हस्तलिखित पुरे झाले. आधीच्या 'मिसेस डॅलोवे'च्या वेळी पात्रांचा भूतकाळ लागेल तसा थोडाथोडा सांगत जाण्याची पद्धत त्यांना सापडली, ती ऑक्टोबर १९२३ मध्ये. वर्षभर चाचपडल्यावर सापडली, असे त्या स्वतः लिहितात. ज्या तंत्रासाठी ती कादंबरी आज शिकवली जाते ते लेखन सुरू करताना हाताशी नव्हते. तंत्र आधी ठरवून मग लिहायला बसणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

वुल्फ यांच्यापाशी इतका वेळ थांबण्याचे कारण म्हणजे तिथे साहित्य भरपूर आहे. इतरांच्या वह्यांतून नोंद आणि छापील मजकूर यांची अशी एखादीच जोडी मिळते, पण तीही पुरेशी ठरते. हेन्री जेम्स यांच्या टिपणवहीत १२ जानेवारी १८९५ ची नोंद आहे : कँटरबरीच्या आर्चबिशपांनी सांगितलेली एक भुताची गोष्ट. जुन्या घरात नोकरांच्या हवाली केलेली मुले, किती आणि केवढी ते अनिश्चित. नोकर दुष्ट, ते मुलांना बिघडवतात, मरतात आणि मग दिसू लागतात. नोंदीच्या शेवटी जेम्स लिहितात की ही गोष्ट उघडच कुणा बाहेरच्या निरीक्षकाच्या तोंडून सांगायला हवी. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये आलेल्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्ये मुले नेमकी दोन आहेत, आणि गोष्ट सांगते ती त्या घरात राहणारी, मुलांची जबाबदारी अंगावर असलेली शिक्षिका. नोंदीत ही शिक्षिका कुठेच नाही. भुते खरी की तिच्या मनातली, हा जो प्रश्न वाचकांना आजही सोडत नाही, तो निवेदक बाहेरून आत आल्यामुळे निर्माण झाला. नोंदीतले कथाबीज साधे भुताटकीचे होते. ज्यांची कथा 'बरी आहे, पण घडत काही नाही' अशी परत येते, त्यांनी कथानकात भर घालण्याआधी एकदा निवेदक बदलून पाहावा. या जोडीवरून ते पटते.

दुसरी जोडी भावंडांची. डोरोथी वर्ड्सवर्थ यांच्या रोजनिशीत १५ एप्रिल १८०२ ला, अल्सवॉटर तळ्याकाठी पाहिलेल्या डॅफोडिल फुलांचे वर्णन आहे. वारा इतका की परत फिरावे असे वाटले होते. आधी पाण्याच्या कडेला थोडी फुले, मग वाढत वाढत किनाऱ्याने रस्त्याएवढा रुंद पट्टा; काही फुले थकून दगडांवर उशीसारखी मान टेकलेली, बाकीची डोलणारी, नाचणारी, वाऱ्याबरोबर हसल्यासारखी दिसणारी. भाऊ विल्यम यांनी यावरची प्रसिद्ध कविता लिहिली ती दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, आणि ती छापली गेली १८०७ मध्ये. कवितेत बहीण नाही, निवेदक एकटा भटकतो आहे. झोंबरे वारे मंद झाले आहे. दमून दगडावर टेकलेली फुले गेली आहेत आणि नाचणारी तेवढी उरली आहेत. शेवटी भर पडली ती कोचावर पडल्यापडल्या होणाऱ्या आठवणीची. काय गाळले त्याची यादी करून मग कविता वाचावी. दमलेली फुले ठेवली असती तर तो शेवट लागला नसता, हे सहज कळते. आणि मला स्वतःला ती गाळलेली फुले बहिणीच्या वहीत वाचायला अधिक आवडतात, हेही नोंदवून ठेवावेसे वाटते.

आता बिघडते कुठे ते. सर्वांत मोठी चूक म्हणजे एका दिवसाची नोंद ही पद्धत समजणे. फ्रान्झ काफ्का यांनी 'द जजमेंट' ही कथा २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहा अशी एका बैठकीत लिहिली, आणि लिहायचे ते असेच, असे दुसऱ्या दिवशी रोजनिशीत नमूद केले. ही नोंद जगभर उद्धृत होते आणि तिच्या भरवशावर कितीतरी तरुण लेखक तशी रात्र उजाडण्याची वाट पाहत बसतात. पण तीच वही साडेतीन महिने मागे चाळावी. १ जून : काही लिहिले नाही. २ जून : जवळजवळ काहीच नाही. ७ जून : वाईट, आज काही लिहिले नाही, उद्या वेळ नाही. त्याही मागे, १९१० च्या नोंदींत, माझ्या शिक्षणाने माझे नुकसान केले या एकाच विधानापासून सुरू होणारा मजकूर पुन्हा पुन्हा नव्याने सुरू केलेला आहे. प्रत्येक वेळी थोडा वेगळ्या वळणाने, आणि प्रत्येक वेळी सोडून दिलेला. ती रात्र या सगळ्यानंतर आली. दिवसा आठ ते दोन विमा संस्थेतली नोकरी चालू होती, हेही विसरू नये. आणि काफ्का यांच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, हे त्या रात्रीच्या शेजारी लिहून ठेवावे. एका दमात लिहिण्याची पद्धत कादंबरीएवढ्या लांबीला पुरत नाही.

जॉन स्टाइनबेक यांच्या बाबतीत उलट दिशेने हीच चूक होते. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लिहिताना त्यांनी ठेवलेली कामाची रोजनिशी १९८९ मध्ये छापली गेली. मे १९३८ च्या अखेरीपासून २६ ऑक्टोबरपर्यंत, रोज साधारण दोन हजार शब्दांचे उद्दिष्ट, आणि कामाला हात घालण्याआधी रोजनिशीत काही ओळी. पाच महिन्यांत एवढी मोठी कादंबरी! हा आकडा वाचून वेळापत्रक आखणारे पुष्कळ असतात. पण १९३६ मध्ये त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांच्या वस्त्यांवर वृत्तपत्रासाठी लेखमाला लिहिली होती, आणि कादंबरीला सुरुवात करण्याच्या थोडेच आधी त्याच प्रश्नावर लिहिलेले एक आख्खे पुस्तक नष्ट केले होते. पात्रांची बोली, रस्ते, छावण्या, हिशेब हे सगळे आधीच हाताशी होते. पाच महिने हा फक्त शेवटच्या मजलेचा काळ आहे. त्या रोजनिशीतून घेण्यासारखे आहे ते दुसरेच : प्रकाशनसंस्था बुडाली, घराची खरेदी चालली होती, पाहुणे येत होते, शेजारचा आवाज थांबत नव्हता, ऑगस्टमध्ये तर आपण लेखकच नाही असे त्यांनी लिहून ठेवले, तरीही नोंदीचा शेवट बहुतेक वेळा आजच्या कामापाशी येतो. संपूर्ण पुस्तकाचा विचार करायचा नाही, आजचा प्रसंग तेवढा पुरा करायचा, हे ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतात.

रोजनिशीत जे नाही त्याचाही अर्थ चुकीचा लावला जातो. टॉलस्टॉय यांनी १८४७ पासून १९१० पर्यंत रोजनिशी लिहिली, पण १८६५ ते १८७८ या काळात ती जवळजवळ बंद होती. 'वॉर अँड पीस' आणि 'ॲना कॅरेनिना' या त्यांच्या दोन सर्वांत मोठ्या कादंबऱ्या मुख्यतः याच वर्षांतल्या. लिहिण्याची ताकद तिकडे लागली होती. उलट बाजूने, वुल्फ यांच्या रोजनिशीतून लेखनविषयक नोंदी निवडून १९५३ मध्ये पुस्तक काढताना त्यांचे पती लिओनर्ड वुल्फ यांनी प्रस्तावनेत इशारा दिला की माणसाला एका विशिष्ट मनःस्थितीतच, वैताग किंवा दुःख असताना, रोजनिशी लिहिण्याची सवय लागते आणि बरे चालले असताना वही उघडली जात नाही. त्यामुळे चित्र एकांगी होते. चांगला लेखक होण्यासाठी दुःखी असावे लागते, हा समज मला वाटते बऱ्याच अंशी या सवयीतून आला आहे.

'खासगी' या गोष्टीकडेही डोळसपणे पाहावे. टॉलस्टॉय यांनी १८६२ मध्ये लग्नाआधी आपल्या जुन्या रोजनिश्या सोफिया यांना वाचायला दिल्या. पुढे सोफिया यांनीही रोजनिशी लिहिली आणि दोघे एकमेकांच्या वह्या वाचत. म्हणजे नोंद लिहिताना वाचणारा घरातच होता. शेवटच्या वर्षी, १९१० मध्ये, टॉलस्टॉय यांनी फक्त स्वतःसाठी म्हणून वेगळी वही केली आणि ती लपवून ठेवली. कोणती वही कुणाच्या डोळ्यांसाठी लिहिली आहे हे माहीत नसेल तर तिच्या सुरावरून काढलेले निष्कर्ष फसतात.

यापुढचा प्रश्न आवृत्तीचा, आणि इथे घाई केली तर आधीचे सगळे श्रम वाया जातात. आपण वाचतो ती रोजनिशी अनेकदा दुसऱ्याच कुणीतरी बेतलेली असते. आपले कागद जाळावेत असे काफ्का यांनी आपले मित्र मॅक्स ब्रॉड यांना सांगितले होते. ब्रॉड यांनी ते न जाळता छापले. जगाला त्यामुळे काफ्का मिळाले, पण ब्रॉड यांनी मजकूर गाळला, विरामचिन्हे नीट केली आणि वह्यांत रोजच्या नोंदींमध्ये मिसळलेले कथांचे खर्डे वेगळे काढले. एखादी कथा कोणत्या नोंदीच्या पाठोपाठ, त्याच शाईत, त्याच पानावर सुरू झाली हेच लेखकाला पाहायचे असते, आणि तेच त्यात दिसेनासे झाले. मूळ वह्यांनुसार जर्मन आवृत्ती १९९० मध्ये आली. कॅथरीन मॅन्सफील्ड यांची 'जर्नल' म्हणून १९२७ मध्ये त्यांचे पती मिडलटन मरी यांनी छापलेले पुस्तक अनेक वह्या आणि सुटे कागद जुळवून तयार केलेले होते. वह्या जशा होत्या तशा दोन खंडांत १९९७ मध्ये आल्या. सिल्व्हिया प्लाथ यांची रोजनिशी १९८२ मध्ये काटछाट करून आणि २००० मध्ये विनाकाट छापली गेली, आणि अखेरच्या काळातली एक वही त्यांचे पती टेड ह्यूज यांनी नष्ट केल्याचे त्यांनीच सांगितले. म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर आधी संपादकाची प्रस्तावना वाचावी. काय गाळले, कुणी गाळले, कुणाच्या परवानगीने, आणि गाळल्याची खूण पानावर केली आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे तिथे मिळाली नाहीत तर ती आवृत्ती करमणुकीसाठी ठेवावी, अभ्यासासाठी दुसरी शोधावी.

पुनर्लेखन शिकायचे असेल तर मी सर्वांत आधी नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या रोजनिशीची चिकित्सक आवृत्ती सुचवेन. २८ मार्च १९४४ ला रेडिओवरून डच मंत्र्यांनी युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. ते ऐकून ॲनने पुस्तक करायचे ठरवले आणि २० मेपासून आपली रोजनिशी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. ४ ऑगस्टला तिला अटक झाली तोवर ती २९ मार्च १९४४ च्या नोंदीपर्यंत पोहोचली होती. १९४७ मध्ये वडिलांनी छापले ते दोन्ही मजकूर एकत्र करून, काही गाळून. १९८६ च्या आवृत्तीत मूळ नोंद, तिने स्वतः सुधारलेली नोंद आणि छापील नोंद एकाखाली एक वाचता येतात. १९४३ च्या बहुतेक काळाची मूळ वही हरवलेली आहे, पण १९४२ च्या नोंदी ताडून पाहाव्यात. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी खरडलेले पंधरा वर्षांची तीच मुलगी अनोळखी वाचकासाठी कसे लिहिते, ते दिसते : विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या, माणसांची नावे बदलली, घराची आणि माणसांची ओळख आधी करून दिली, आणि जे फक्त मैत्रिणींनाच कळले असते ते काढून टाकले. चारपाच नोंदी अशा ताडून पाहिल्या की वाचकासाठी लिहिणे म्हणजे नेमके काय काय करणे, हे समोर येते. हे वाचताना तिची तारीख पुढे सरकत असते आणि आपल्याला शेवट माहीत असतो. तिथे मन आवरून वाचणे सोपे नाही.

वाचून झाल्यावर बहुतेकांना स्वतःची रोजनिशी सुरू करावीशी वाटते. तिथे दोन गोष्टींपासून जपावे. रोजनिशी वाचत असताना आपले चालू लेखन त्याच सुरात जाऊ लागते. खर्डा चालू असेल तर वेगळ्या जातीच्या लेखकाची रोजनिशी घ्यावी, कथा लिहिणाऱ्याने कवीची, कवीने कादंबरीकाराची. आणि कुणीतरी पुढे छापेल म्हणून लिहिलेली रोजनिशी कामाला येत नाही, कारण तिच्यात अडचणीही देखण्या होऊन बसतात.

कामाच्या वहीला चार ओळी पुरतात : तारीख, काल कुठे थांबलो, आज कुठला प्रसंग, कुठे अडेल असे वाटते. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात असेल तर लेखन टाळण्याचा तो नवा मार्ग झाला असे समजावे. स्टाइनबेक यांनी १९५१ मध्ये 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना मोठ्या वहीच्या डाव्या पानावर संपादकाला उद्देशून रोजचे पत्र आणि उजव्या पानावर कादंबरी अशी मांडणी केली होती. याचा फायदा असा की अडचण आणि तिच्यावर काढलेला उपाय समोरासमोर राहतात. वर्षाने पाहिले तरी शोधाशोध करावी लागत नाही. चेकॉव्ह यांच्या टिपणवह्यांत बऱ्याच नोंदी एकदोन ओळींच्या आहेत आणि कथेत वापरलेली नोंद ते खोडून टाकत. ही सवय ताबडतोब उचलावी. तीच उपमा, तोच लकबीचा माणूस दोन कथांत येतो तो बहुधा नोंद न खोडल्यामुळे. वही भरली की न वापरलेल्या नोंदी नव्या वहीत हाताने उतरवून घ्याव्यात; जी उतरवताना कंटाळा येतो ती तिथेच सोडून द्यावी.

संपादक महोदय, आपल्यापाशी एक मागणी आहे. लेखकांच्या रोजनिशीतला मजकूर छापाल तेव्हा नोंदीची पूर्ण तारीख, कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतून घेतली आणि अनुवाद असल्यास कुणाचा, हे खाली द्यावे. मधला मजकूर गाळला असेल तिथे टिंबे घालावीत. जागा कमी असेल तर दहा लेखकांची दहा वाक्ये छापण्याऐवजी एकाच लेखकाची एक नोंद पूर्ण छापावी, आणि शेजारच्या रकान्यात त्याच्या पुस्तकातला त्याच प्रसंगाचा परिच्छेद द्यावा. दोन्हींवर भाष्य नसले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपल्या वृत्तपत्राचा एक वाचक